दारूला ऊन देणारे हात



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी आम्हाला दोनदा फोन केला. पावसाळ्यात शिकारीचं सामान लोक कोरडं कसं ठेवत, हा तत्त्वज्ञानाच्या माणसाने बोलायचा विषय आहे का, अशी त्यांना शंका होती. शंका रास्त आहे. आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलं, बंदूक कधी चालवली नाही. पण इतिहास वाचताना एक गोष्ट आम्हाला सतत खटकत आली. बार कोणी उडवला हे इतिहास सांगतो. तो उडावा म्हणून आधी चार महिने दारू कोणी कोरडी ठेवली, हे मात्र सांगत नाही. आज त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

आधी एक खुलासा करू, नाहीतर तरुण मंडळी हसतील. दारू म्हणजे बंदुकीची दारू. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. पुढे हाच शब्द तोफखान्यातही गेला आणि गुत्त्यातही गेला. आपण तोफखान्याच्या वाटेने जाऊ.

सुरुवात घरापासून करतो. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या एका खेड्यात आमचं बालपण गेलं. घरी ठासणीची एक बंदूक होती. रानडुकरं ज्वारीत आणि मक्यात शिरत, त्यांच्यासाठी ती ठेवलेली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीचा काळ हा. मृग लागायच्या सुमारास या बंदुकीची एक ठरलेली व्यवस्था सुरू व्हायची. नळीत तेलाचा बोळा फिरायचा, तोंडाशी मेण लावलेली चिंधी कोंबली जायची, आणि बंदूक बाहेरच्या ओसरीतून स्वयंपाकघरालगतच्या भिंतीवर यायची, कारण पावसाळ्यात घरातली तेवढीच भिंत उबदार. दारू मात्र चुलीपासून लांब, धान्याच्या खोलीत. वाळवलेल्या भोपळ्याचा एक तुंबा होता, त्यात ती भरून वर मेणाचं बूच. श्रावणात ऊन पडलं की आमच्या थोरल्या काकू जाड कापडावर ती दारू पसरायच्या आणि आम्हा पोरांना अंगणाबाहेर हाकलायच्या. पापड-कुरडया वाळवणारे हातच दारूही वाळवत होते. घरात तिलाही 'ऊन देणं' असंच म्हणत.

एका भाद्रपदात काकू महिनाभर माहेरी गेल्या. त्या वर्षी दारूला ऊन दिलं गेलं नाही. एका रात्री हाकारा घातला, डुक्कर उठलं, आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी चाप ओढला. नुसतं 'फुस्स' झालं. डुक्कर वळलं आणि हाकारा घालणाऱ्या माणसाच्या मांडीत सुळा घालून गेलं. तो माणूस वाचला, पण जन्मभर लंगडत चालला. घरी दुसऱ्या दिवशी काय चर्चा झाली असेल? बंदूक जुनी झाली, नवी घ्यायला हवी. कोणी दारूचं नाव काढलं नाही, काकूंचं तर नाहीच. बंदूक एकाच्या हातात, ती कोरडी ठेवायचं काम दुसऱ्याकडे, आणि ओल धरली तर जखम तिसऱ्याला. या तीन माणसांना लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या इतिहासात ती आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

आता थोडं आमच्या शास्त्राकडे वळतो, कंटाळू नका. न्यायशास्त्रात एक जुना वाद आहे. अग्नीजवळ विशिष्ट मणी ठेवला तर अग्नी जाळत नाही, असं एक उदाहरण घेतात. मणी खरा की खोटा हा प्रश्न बाजूला ठेवू. मीमांसक म्हणतात, मण्याने अग्नीची जाळण्याची शक्ती नष्ट झाली. नैयायिक म्हणतात, असली अदृश्य शक्ती मानायची काही गरज नाही. कार्य घडायला जी कारणं लागतात, त्यांत अडथळा नसणं हेही एक कारण धरा, म्हणजे झालं. याला ते 'प्रतिबंधकाभाव' म्हणतात. नसणं हेसुद्धा कारण असू शकतं, हा फार मोठा विचार आहे.

आणि गंमत बघा, ओल आमच्या शास्त्रात आधीपासूनच आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे अनुमान बरोबर. पण उलटं, 'जिथे अग्नी तिथे धूर', हे चूक. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला आणखी एक अट लागते, ती म्हणजे ओलं सरपण. या अटीला 'उपाधी' म्हणतात, आणि उपाधीचं पाठ्यपुस्तकातलं ठरलेलं उदाहरण हेच आहे. म्हणजे चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बाईला जे रोज माहीत होतं, ते तर्कशास्त्राने उचललं आणि सूत्रात बसवलं.

कोरडेपणा हा असाच एक अभाव आहे. दारू कोरडी आहे म्हणजे काही घडलेलं नाही, ओल लागलेली नाही, इतकंच. बार उडाला की घटना होते, बार फुसका गेला तरी घटना होते. कोरडेपणाची घटना होत नाही, म्हणून बखरकार त्याची नोंद करत नाही. मग त्याचा इतिहास शोधायचा कुठे? आम्हाला तीन जागा सापडल्या. एक आज्ञा, दुसरी सण आणि तिसरी खुद्द वस्तू.

आज्ञेपासून सुरू करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामं सांगितली आहेत. शस्त्रं मोजून ठेवावीत, त्यांवर खुणा कराव्यात हे तर आहेच. पण त्याच ओघात असंही आहे, की शस्त्रांच्या जागा बदलत राहाव्यात आणि त्यांना वारंवार ऊन आणि वारा द्यावा. उष्णता, ओल आणि किडे यांनी जे बिघडत असेल ते वेगळ्या तऱ्हेने ठेवावं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ, आणि हुकूम काय, तर ऊन द्या. आमच्या काकूंनी अर्थशास्त्र वाचलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

महाभारतातली शमीच्या झाडाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. विराटनगरात अज्ञातवासाला जाण्याआधी पांडवांनी शस्त्रं शमीवर ठेवली, कोणी फिरकू नये म्हणून तिथे प्रेत बांधलं. प्रेताची गोष्ट सगळे सांगतात. विराटपर्वात त्याआधी आणखी दोन बारीक तपशील आहेत, ते कीर्तनात सहसा येत नाहीत. पांडवांनी आपापल्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. आणि नकुल झाडावर चढला तेव्हा त्याने जिथे पावसाचं पाणी पोचणार नाही अशी जागा बघून शस्त्रं घट्ट बांधली. ज्या कवीने हे लिहिलं त्याला धनुष्य सांभाळणं म्हणजे काय ते नीट माहीत होतं. दोरी चढवलेली ठेवली तर धनुष्याचा ताण मरतो, दोरी भिजली तर सैल पडते. कोणत्याही शिकाऱ्याला हे दोन धडे आधी शिकावे लागतात.

आता सणाकडे या. विजयादशमीला आपण शमीचं आणि आपट्याचं पूजन करतो, सीमोल्लंघन करतो. आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे शस्त्रपूजा. धार्मिक अर्थ आपल्या जागी आहे. पण पंचांग आणि पाऊस शेजारी ठेवून बघा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस दख्खनवर जूनमध्ये येतो, सप्टेंबरअखेर ओसरू लागतो, आणि दसरा त्याच सुमाराला येतो. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघत. खंडेनवमीला शस्त्र बाहेर काढायचं, पुसायचं, तेल द्यायचं, गंज चढला का ते पाहायचं, मग पुजायचं. म्हणजे पूजेच्या आत तपासणी आहे. घरात दुसरं कोणी पाहो न पाहो, वर्षातून एकदा सगळं गाव एकाच दिवशी आपलं हत्यार उजेडात आणतं. शेतकरी नांगर-विळा पुजतो, सुतार रंधा पुजतो, छापखानेवाला यंत्र पुजतो. इंग्रजीत दारू कोरडी ठेवण्याबद्दल एक म्हण आहे. ती क्रॉमवेलच्या नावावर खपते, पण पसरली १८३४ मधल्या एका कवितेमुळे. त्यांच्याकडे म्हण आहे, आपल्याकडे तिथी आहे. म्हण विसरता येते, तिथी विसरली तर शेजारी आठवण करून देतात.

तिसरी जागा खुद्द वस्तूंची. आपल्या जिल्ह्यात कन्नड, सोयगाव, सिल्लोड या भागात सातमाळा-अजिंठ्याचा डोंगर आहे. तिथे भिल्लांची वस्ती जुनी. भिल्लांचं पारंपरिक धनुष्य बांबूचं, आणि त्याची दोरीही बांबूच्या सालीची. त्यात डिंक नाही, सरस नाही, आतड्याची तात नाही. आता मध्य आशियातून आलेलं शाही धनुष्य घ्या. आत लाकूड, पोटाला शिंग, पाठीला स्नायूंचे धागे, आणि हे सगळं सरसाने जोडलेलं. आकाराने लहान, घोड्यावरून मारायला सोयीचं, ताकदीने जबरदस्त. पण सरसाला दमट हवा सोसत नाही. दख्खनच्या पावसाळ्यात असं धनुष्य जोडावर सुटायला लागतं. म्हणून त्याला साल, लाख, रोगण यांचे थर द्यायचे, खोळीत ठेवायचं, उबदार जागी जपायचं. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही बनू लागली, त्यांचं एक मोठं कारण हेच. पोलादाचा मारा कमी, पण ते महिनोन् महिने शस्त्रागारात पडून राहिलं तरी उकलत नाही.

डोंगरातलं धनुष्य साधं होतं, त्याला कोणी मागास म्हणेल. पण ज्याच्याकडे धनुष्य जपायला नोकर नाही, कोरडी खोली नाही, त्याने असं हत्यार घडवलं की ते जपावंच लागू नये. याला आम्ही बुद्धी म्हणतो. ज्याच्या पदरी जपणारी माणसं आहेत त्यालाच नाजूक हत्यार परवडतं.

मग दारू आली आणि प्रश्न अवघड झाला. काळी दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. यातला शुद्ध सोरा स्वतः फारशी ओल धरत नाही. पण मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात मीठ आणि इतर क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात. कोळसाही ओल शोषतो. आगोटीला मिठाची बरणी पाझरते, तसंच दारूचं होतं. म्हणून सोरा पुन्हा पुन्हा उकळून, स्फटिक पाडून शुद्ध करायचा. म्हणजे दारू कोरडी ठेवण्याचं काम पाऊस यायच्या कितीतरी आधी, सोरा उकळणाऱ्याच्या कढईत सुरू होतं. दुसरी अडचण तोड्याची. जुनी बंदूक तोड्याची, सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी धुमसत ठेवायची आणि तिने कान्यावरची दारू पेटवायची. पावसात दोरी विझली की बंदूक म्हणजे लोखंडी काठी.

आपल्या शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणाच्या मानाने फारच कमी. तरी प्रश्न सुटत नाही, कारण दारूचा शत्रू सर नव्हे, दमट हवा आहे. सरीपासून छप्पर वाचवतं. दमट हवा छपराखाली येते, मडक्याच्या बुचातून आत जाते.

मराठी भाषेत या शत्रूविरुद्धची सगळ्यात नेमकी आज्ञा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ मानला जातो, आणि पंतांनी तर शिवछत्रपतींचा काळ डोळ्यांनी पाहिलेला. गडाच्या प्रकरणात ते सांगतात, दारूचं कोठार राहत्या घराजवळ नसावं. भोवती झाडांचं दाट कुंपण असावं. तळघर गच्च बांधावं, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. सर्दी पोचू देऊ नये. आणि मुख्य म्हणजे हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढावं, ऊन द्यावं आणि परत मोहोर करून ठेवावं. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, त्यांचे काने मेणाने बंद करावेत.

आता ही आज्ञा वाचताना आम्ही दोन शब्दांवर अडखळतो. एक 'ऊन', दुसरा 'मोहोर'. ऊन का, ते कळलं. मोहोर कशाला? कारण काम झालं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. वाळलेली दारू आणि थोडी सर्दलेली दारू मडक्यात सारखीच दिसते. दारू खराब आहे हे कळतं ते शत्रू तटावर चढल्यावर. म्हणून ज्याने ऊन दिलं त्याच्यावर जबाबदारी बांधून ठेवायची. जे काम दिसत नाही त्याला पंतांनी खूण दिली. इतक्या मोठ्या राज्यकारभाराच्या ग्रंथात मडकी उन्हात ठेवण्याला जागा देणारा माणूस राज्य कशावर चालतं हे ओळखून होता.

आपला देवगिरी-दौलताबाद डोळ्यांसमोर आणा. १६३३ साली महाबतखानाने हा किल्ला वेढला. आत मलिक अंबरचा मुलगा फतेहखान. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले, दारू भरली, एकामागून एक कोट फोडले, आणि जूनमध्ये, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर, किल्ला पडला. सुरुंग म्हणजे काय, तर मातीच्या पोटात, ओलीच्या घरात, दारू नेऊन ठेवायची. सुरुंग उडाल्याचं सगळे इतिहास लिहितात. ती दारू त्या मातीत कोरडी कशी राहिली, कोणी कशात गुंडाळली, हे विचारायला हवं. गडावर गेलात तर मेंढ्याच्या तोंडाची तोफ सगळे बघतात, फोटो काढतात. तिच्या पाठीवरचा बत्ती देण्याचा बारीक काना शोधा. पावसाळ्यात त्यात मेण भरणाऱ्या बोटाची आठवण ठेवा.

त्या मेणाची किंमत बंगालमध्ये कळली. २३ जून १७५७, प्लासी. दुपारी पावसाची मोठी सर आली. कंपनीच्या माणसांनी दारूवर मेणकापड टाकलं. नवाबाची दारू भिजली. फितुरी होती, मीर जाफर होता, हे सगळं खरं. पण त्या सरीनंतर नवाबाच्या तोफा थंडावल्या आणि कंपनीच्या चालू राहिल्या, हेही तितकंच खरं.

आता शिकारीकडे परत येऊ, आणि आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध शिकारीकडे. २८ एप्रिल १८१९. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज घोडदळातला अधिकारी वाघाच्या शिकारीला वाघूर नदीच्या दरीत उतरला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. शोध लावला वगैरे म्हणतात, पण आसपासच्या माणसांना ती जागा ठाऊक होतीच. आमचं लक्ष जातं तारखेकडे. एप्रिल का? कारण साहेब लोकांची वाघाची शिकार उन्हाळ्यात असे. पाणवठे आटलेले, झाडोरा विरळ, वाघ उरलेल्या पाण्यावर येणार. आणि तेव्हाची बंदूक गारगोटीची, कान्यावर उघडी दारू. कोरडी हवा तिला मानवते. ऑगस्टमध्ये ती दरी हिरवळीने भरते, धबधबा कोसळत असतो, हवा ओलीचिंब. त्या दिवसांत त्या बंदुका घेऊन तिथे कोण उतरणार? आमचं मत विचाराल तर अजिंठ्याच्या आधुनिक इतिहासाची ती तारीख निम्मी स्मिथची आणि निम्मी कोरड्या दारूची.

त्याच दहाव्या लेण्यात छद्दंत जातक आणि श्याम जातक रंगवलेलं आहे. एकात हत्तीला मारणारा व्याध आहे, दुसऱ्यात शिकारीला निघालेल्या राजाचा बाण आंधळ्या आई-वडिलांच्या मुलाला लागतो. शिकारीत बाण सोडणारा वेगळा आणि भोगणारा वेगळा, हे त्या भिंतीवर दोन हजार वर्षांपासून लिहिलेलं होतं. तिथेच शेजारी शिकाऱ्याने आपलं नाव कोरलं.

पुढचा टप्पा स्कॉटलंडमध्ये घडला, पण त्याचा झटका आपल्या शहरापर्यंत आला, म्हणून तिथे जाऊन येऊ. अलेक्झांडर फोरसाइथ नावाचा एक पाद्री पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. गारगोटीची ठिणगी पडायची, कान्यावर भडका व्हायचा, आणि गोळी सुटायच्या आत पक्षी उडून जायचे. शिवाय ओल होतीच. त्याने ठोका बसताच पेटणारं रसायन वापरून नवी कळ बनवली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली, आत रसायन बंद, बाहेरच्या हवेशी संबंध कमी. १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये सर्व प्रकारच्या हवामानात चाचणी झाली. दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी सहा हजार बार काढले. गारगोटीचे नऊशेच्या वर फुसके गेले, टोपीचे जेमतेम छत्तीस. पक्ष्यांमागे चिखलात फिरणाऱ्या एका पाद्र्याच्या वैतागातून जगातल्या सैन्यांची हत्यारं बदलली.

टोपीने कान्याचा प्रश्न सोडवला, काडतुसाचा उरला. एनफिल्ड रायफलच्या कागदी काडतुसाला वंगण लावायचं, गोळी नळीत सहज सरकावी आणि ओलही लागू नये म्हणून. वंगणात मेण आणि चरबी. १८५३ मध्ये अशी काडतुसं हिंदुस्थानात पाठवली, कशासाठी, तर इथल्या हवेत वंगण टिकतं का ते पाहायला. महिनोन् महिने ती शिपायांच्या तोसदानात ठेवून तपासली. बंगाल फौजेतल्या कर्नल टकरने तेव्हाच लिहून कळवलं होतं, की चरबी कशाची आहे यावरून शिपायांच्या धर्मभावना दुखावतील. ते कोणी मनावर घेतलं नाही. काडतूस दाताने तोडायचं होतं. जानेवारी १८५७ मध्ये, गडबड सुरू झाल्यावर, शिपायांनी स्वतः वंगण लावावं अशी मुभा निघाली. उशीर झाला होता.

बघा, पंतांच्या आज्ञेतही मेण होतं, इथेही मेण होतं. काम तेच, ओल आत शिरू न देणं. पण तिथे मेण लावणारा हात गडावरच्या माणसाचा, त्याला माहीत की आपण काय लावतो आहोत. इथे वंगण कोणी दूर कारखान्यात ठरवलं आणि दुसऱ्याच्या तोंडात दिलं. वंगण हवामानावर तपासलं, माणसाच्या मनावर तपासलं नाही. कोरडं ठेवणं ही नुसती तांत्रिक बाब असते असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं.

आपल्या छावणीतही जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात उठाव झाला. इथलं मुख्य कारण काडतूस नव्हतं, निजामाच्या मुलखाबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढवणार ही बातमी होती. पण हवा त्या वंगणाने आधीच पेटलेली होती. जनरल वुडबर्नची फौज आली, मीर फिदा अली फासावर गेले. ज्या काळ्या चबुतऱ्याशी या शिक्षांची आठवण जोडलेली आहे, त्याला आज आपण क्रांती चौक म्हणतो. इथल्या बऱ्याच श्रोत्यांची बस रोज तिथून वळते.

शेवटी एका समाजाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. फासेपारधी. मराठवाड्यात आणि विदर्भात त्यांची पालं आपण लहानपणापासून बघत आलो. त्यांचं हत्यार म्हणजे फास. तात, चामडं, केस यांचे फासे करायचे, हरणाच्या नाहीतर तितराच्या वाटेवर लावायचे. ओल लागली की तात फुगते, ढिली पडते, फास नीट आवळत नाही. पालावर भिंत नाही, धान्याची खोली नाही, कोठार तर नाहीच. तिथे चार महिने तात कोरडी ठेवायची, आणि ती राहिली नाही तर उपाशी राहायचं. राजाचा बार फुसका गेला तर दुपार वाया जाते, पारध्याचा फास ढिला पडला तर चूल पेटत नाही. या माणसांच्या हातात किती पिढ्यांचं ज्ञान होतं! ते आपण लिहून घेतलं नाही. आपण त्यांच्याबद्दल लिहिलं ते गुन्हेगार जमाती कायद्यात. तो डाग कागदावर पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लोकांच्या मनातून पुसला गेला का, हे तुम्हीच आपापल्या गावात तपासा.

आम्ही शिकारीची तरफदारी करत नाही, हे स्पष्ट असू द्या. १९७२ चा कायदा आला हे योग्य झालं, हरणं वाचली पाहिजेत. पण शिकार बंद झाली तेव्हा साहेबांची आणि सरदारांची बंदूक दिवाणखान्यात गेली, काही संग्रहालयांत गेली. पारध्याचा फास मात्र पोलीस चौकीत गेला. एकाच्या हत्याराला वारसा म्हटलं, दुसऱ्याच्या हत्याराला पुरावा. हा फरक आपण केला आहे, आणि तो हवामानाने केलेला नाही.

म्हणून आमची विनंती साधी आहे. आपल्या शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात जाल तेव्हा तलवारींच्या, बंदुकांच्या काचेपाशी थोडं थांबा. ही बंदूक कोणी चालवली हे पाटीवर लिहिलेलं असेल किंवा नसेल. तुम्ही मनात दुसरा प्रश्न विचारा. दर पावसाळ्यात हिला तेल कोणी दिलं? आजही तिथे कोणीतरी कर्मचारी फडकं घेऊन हे काम करतच असेल, त्याचं नाव पाटीवर नाही.

आमच्या थोरल्या काकू गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी आयुष्यात एकही डुक्कर मारलं नाही. त्यांच्या हयातीत घरातला बार फुसका गेला तो एकदाच, त्या माहेरी होत्या तेव्हा. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर त्या आमच्या घरातला प्रतिबंधकाभाव होत्या. हे समजायला आम्हाला पीएचडी करावी लागली, आणि नंतरही तीस-चाळीस वर्षं गेली. हाकारा घालणाऱ्या त्या माणसाला मात्र ते त्याच रात्री समजलं असणार.